गावातला भाऊ, शहरातला भाऊ

हैदराबादहून मुंबईच्या हमरस्त्याला लागलं की रामचंद्रपुरम येतं. तिथे 'भेल'चा, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना आहे. खेड्यापाड्यांतून आलेल्या कितीतरी माणसांचे संसार या कारखान्याच्या नोकरीवर उभे राहिले. २००५ ते २००७ या काळात संशोधकांनी इथल्या कामगारांना एक विनंती केली. गावाकडे राहिलेला सख्खा भाऊ किंवा बहीण असेल, तर तपासणीसाठी त्यांनाही बोलवा. हीच विनंती नागपूरच्या इंडोरामा, लखनौच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि बंगळुरूच्या हिंदुस्थान मशीन टूल्स या कारखान्यांतल्या कामगारांनाही केली गेली. कामगार, त्यांचे जोडीदार आणि भावंडं मिळून साडेसहा हजारांच्या आसपास माणसं तपासली गेली. 'इंडियन मायग्रेशन स्टडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

सख्ख्या भावंडांची तुलना करण्यातच या अभ्यासाची खरी हुशारी आहे. एका आईबापांची, एका अंगणात वाढलेली मुलं. एक शहरात गेला, एक शेतावर राहिला. चारही ठिकाणचे आकडे एकत्र केले तेव्हा गावातल्या पुरुषांत मधुमेहाचं प्रमाण ६.२ टक्के निघालं आणि गावातून शहरात आलेल्यांत १४.३ टक्के. जे मुळातच शहरातले, त्यांच्यात ते १३.५ टक्के होतं. बॉडी मास इंडेक्स २५ किंवा त्याहून जास्त असलेले पुरुष गावात १९ टक्के, तर स्थलांतरितांत ३७.८ टक्के. बायकांचं चित्रही साधारण असंच होतं. 'आमच्या घराण्यातच शुगर आहे' असं आपण सहज म्हणतो. घराणं एकच असताना एवढा फरक पडत असेल, तर सगळा दोष आजोबांवर ढकलता येत नाही.

याच अभ्यासातून पुढे आणखी एक गोष्ट दिसली. शहरात आल्यावर अंगावरची चरबी पहिल्या दहा वर्षांतच झपाट्याने वाढते. रक्तदाब आणि उपाशीपोटीचं इन्शुलिन मात्र सावकाश, वर्षानुवर्षं चढत जातं. म्हणजे पँट घट्ट होणं आणि रिपोर्ट बिघडणं यांच्यात बराच काळ जातो. हा काळ हातात असतो आणि आपण तो बिनघोर घालवतो, याची मला फार हळहळ वाटते.

शहरात आल्यावर ताटही बदलतं, त्यामुळे सगळं खापर बैठ्या कामावर फोडता येणार नाही. पण गावातले पुरुष शहरातल्यांपेक्षा जास्त शारीरिक श्रम करत होते, हेही याच अभ्यासात नोंदवलेलं आहे. हे श्रम सुटले की शरीरात नेमकं काय बिघडतं, ते कळायला मांडीच्या स्नायूपासून सुरुवात करावी लागते.

जेवणानंतर रक्तात साखर वाढते. स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटतं आणि त्याच्या सांगण्यावरून साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. साखर आत घेण्यासाठी स्नायूच्या पेशीत 'ग्लुट-४' नावाची वाहक प्रथिनं असतात. एरवी ती पेशीच्या आत बारीक पिशव्यांमध्ये पडून असतात. इन्शुलिनचा निरोप आला की ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढतात. टाइप २ मधुमेहात हा निरोप पेशीच्या आत नीट पोहोचत नाही. इन्शुलिन असतं, पण पेशी त्याला दाद देत नाही.

आता तोच माणूस जिना चढायला लागतो. मांडीचा स्नायू आकसतो, पेशीतलं कॅल्शियम वाढतं, ऊर्जेचा साठा घटू लागतो आणि या खुणांवरून तीच ग्लुट-४ प्रथिनं पृष्ठभागावर येतात. या कामात इन्शुलिनचा संबंध नसतो. पुढचं दार अडकलं असलं तरी घराचं मागचं दार उघडतं, तसाच हा प्रकार आहे. मधुमेह झालेल्या माणसातही ही दुसरी वाट शाबूत असते. व्यायाम म्हणजे निरोगी माणसांचा शौक, आजाऱ्याने आपलं जपून राहावं, ही समजूत इथेच कोलमडते. उलट, ज्याची पहिली वाट बिघडली आहे, त्यालाच दुसरीची जास्त गरज.

व्यायाम थांबल्यावरही स्नायू इन्शुलिनला जास्त दाद देत राहतात, पण हा परिणाम साधारण एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून मधुमेह्यांना सलग दोन दिवसांहून जास्त खाडा करू नका असं सांगतात. रविवारी पहाटे हैदराबादच्या केबीआर पार्कला जोरदार फेऱ्या मारायच्या आणि सोमवार ते शनिवार हायटेक सिटीतली खुर्ची सोडायची नाही, हा हिशेब म्हणून तोकडा पडतो.

हृदयाचीही गोष्ट अशीच. स्वस्थ बसलो असताना ते मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं; धडधाकट तरुण जीव तोडून पळतो तेव्हा वीस लिटर किंवा त्याहूनही जास्त. नियमित सराव असला की प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडतं आणि एरवीचे ठोके कमी होतात. उलटी बाजू १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला दिसली. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहायला लावलं, तर त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या नुकसानापेक्षा कमी निघालं! हार्ट अ‍ॅटॅकनंतर रुग्णाला कित्येक आठवडे निजवून ठेवायची पद्धत मोडीत निघाली, त्यामागे अशा प्रयोगांचा मोठा हात आहे. आज हृदयरुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली लवकर चालतं करतात.

अर्थात आजारी शरीराची पथ्यं असतात. ताप असताना व्यायाम नको. विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असेल तर तो जिवावर बेतू शकतो. बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी हवी तेवढी वाढत नाही, मग घड्याळात ठोके मोजून जोर ठरवण्यात अर्थ नाही. चालता चालता धाप लागते का, एक वाक्य सलग बोलता येतं का, हे पाहावं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीत दाटून आलं तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

वजनाबद्दल मात्र आपल्या लोकांची फार निराशा होते. महिनाभर चालतात, काटा हलत नाही आणि बूट कोपऱ्यात जातात. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून चालणं आणि आहार नेटाने सांभाळून घेतला, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्क्यांवर आलं, आणि ते या गटाचं वजन काही उतरलेलं नसताना.