विश्लेषण : जुनी फायबरग्लास शिडाची बोट भर समुद्रात न्यायची का?

इमारतीला तीस वर्षे झाली की स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते, हे ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत कोणाला समजावून सांगायला नको. बाहेरून नवा रंग आणि आतून गंजलेले लोखंड, अशा इमारती इथे गल्लोगल्ली आहेत. चाळीस-पन्नास वर्षांच्या फायबरग्लास शिडाच्या बोटीचेही तसेच असते. युरोप-अमेरिकेत अशी तीस-पस्तीस फुटी बोट ठाण्यातल्या वन-बीएचकेच्या किमतीपेक्षा बरीच स्वस्त मिळते, त्यामुळे निवृत्तीनंतर सागरसफरीचे स्वप्न पाहणाऱ्यांना मोह होतो. पण इमारतीसाठी पालिका मागे लागते, बोटीसाठी कोणी लागत नाही. तिचे ऑडिट घेणाऱ्यालाच करून घ्यावे लागते.

जुन्या बोटीतून खरेच पृथ्वीप्रदक्षिणा होते का?

होते, आणि भारतीयांनी ती केली आहे. भारतीय लष्कराच्या अभियंत्यांची ‘तृष्णा’ ही ३७ फुटी फायबरग्लास बोट परदेशात विकत घेतलेली, आधी वापरलेली होती. २८ सप्टेंबर १९८५ रोजी ती मुंबईहून निघाली आणि १० जानेवारी १९८७ रोजी प्रदक्षिणा पूर्ण करून मुंबईतच परतली. अलीकडचे उदाहरण नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांचे. २०२२च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत ते ‘बायानत’ या रस्टलर-३६ बोटीने २३६ दिवसांत दुसरे आले. या शर्यतीचा नियमच असा आहे, की बोटीचा आराखडा १९८८ पूर्वीचा हवा, लांबी ३२ ते ३६ फूट हवी आणि कील, म्हणजे बोटीचा खालचा जड कणा, लांब असून सुकाणू त्याच्याच मागच्या कडेला बसवलेले हवे. आयोजकांना जुनेपणाचे वावडे नाही. उलट तीच अट आहे.

मग अडचण कुठे? त्याच शर्यतीत फिनलंडचे तापियो लेहतिनेन यांची १९६५ सालची ‘अॅस्टेरिया’ नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला काही मिनिटांत बुडाली. लेहतिनेन नवखे नव्हते आणि बोटीची डागडुजीही कसून झाली होती. ते जीवरक्षक तराफ्यावर चढले आणि पुढे ही शर्यत जिंकणाऱ्या कर्स्टन नॉयशेफर यांनी मार्ग बदलून त्यांना वाचवले.

फायबरग्लास कुजत नाही ना?

लाकडासारखे कुजत नाही आणि लोखंडासारखे गंजतही नाही. डोंबिवली एमआयडीसीसारख्या ठिकाणी आम्ल साठवण्याच्या टाक्या ज्या एफआरपीच्या असतात, तेच हे मिश्रण : काचतंतूंचे थर आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन. दुर्गाडीच्या पायथ्याशी, कल्याणच्या खाडीकाठी शिवाजी महाराजांनी आरमार बांधायला घेतले तेव्हाच्या लाकडी गलबतात फळी सैल झाली की पाणी दिसायचे. फायबरग्लास दिसू देत नाही, हाच त्याचा खोडसाळपणा.

ग्राहक सर्वाधिक घाबरतो तो बुडाला आलेल्या फोडांना. पाणी वर्षानुवर्षे बाहेरच्या थरातून आत झिरपते, रेझिनमधल्या रसायनांशी मिळते आणि आतून दाब येऊन फोड उठतात. फोड फोडला तर आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. याला ऑस्मोसिस म्हणतात. दिसायला भीषण, पण निव्वळ फोडांमुळे बोट बुडण्याची उदाहरणे दुर्मीळच. विक्रेत्याशी घासाघीस करायला मात्र ते उत्तम. दुरुस्तीत थर खरवडून बुड महिनोन्‌महिने वाळवावे लागते आणि कोकणपट्टीच्या हवेत जून ते सप्टेंबर ते जवळपास अशक्यच.

खरा धोका कुठे असतो?

जिथे फायबरग्लासला दुसरे काहीतरी जोडलेले असते तिथे. आधी डेक. वजन कमी राहावे म्हणून जुन्या बोटींच्या डेकमध्ये दोन थरांच्या मधे बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड भरलेले असते. रेलिंगच्या, खिडक्यांच्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी आत शिरते आणि लाकडाचा लगदा होतो. वरच्या मजल्यावरची गळती भलत्याच खोलीच्या छतावर उमटते, तसेच इथेही : ओल एका जागी, डाग दुसऱ्या. सर्वेक्षक प्लास्टिकच्या हातोडीने इंच-इंच ठोकत जातो. शाबूत भाग खणखणतो, पोकळ किंवा भिजलेला भाग बद्द वाजतो. पायाखाली डेक दबत असेल तर हातोडीचीही गरज नाही.

दुसरी जागा कीलची. बोटीचे तीस-चाळीस टक्के वजन कीलमध्ये असू शकते. काही जुन्या बोटींत शिसे किंवा लोखंड फायबरग्लासच्या आतच बंदिस्त असते. बाकीच्यांत कील बोल्टांनी बुडाला जोडलेली असते. या जोडावर पुढच्या बाजूला हसल्यासारखी फट दिसली तर प्रश्न विचारलाच पाहिजे : बोट कधी खडकावर घासली होती का? मे २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ ही जेमतेम आठ वर्षांची बोट अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि चार जण दगावले. आधीच्या जमिनीवरच्या टकरा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे बुडाची आतली जोडणी कमकुवत झाली असावी, असे ब्रिटनच्या तपास यंत्रणेने म्हटले. म्हणजे बोटीचे वय जितके महत्त्वाचे, तितकाच, किंबहुना जास्तच, तिचा इतिहास. विक्रेत्याचे हसतमुख ‘कधीच काही झाले नाही’ हा पुरावा नव्हे.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा बुडाच्या कवचाशी ज्या पोलादी पट्ट्यांनी जोडलेल्या असतात, त्या डेकमधून खाली जातात. वरून चकचकीत स्टेनलेस आणि डेकच्या आत, जिथे हवा लागत नाही पण ओल असते, तिथे चिरा पडलेल्या. त्या काढून पाहिल्याशिवाय खरे कळत नाही. तारांचे आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षे धरतात. शेवटच्या कधी बदलल्या याची पावती नसेल तर त्या बदलायच्याच, असे गृहीत धरून भाव करावा.

सुकाणू हलवून पाहावे, कटकट आवाज येतो का. ‘आयएनएसव्ही तारिणी’ नवी कोरी, गोव्यात बांधलेली आणि नौदलाच्या देखरेखीतली. तरीही २०१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांच्या प्रदक्षिणेत तिची सुकाणूयंत्रणा बिघडली आणि नियोजनात नसताना मॉरिशसला थांबावे लागले. तीच बोट २०२४-२५ मध्ये पुन्हा प्रदक्षिणा करून आली, हेही लक्षात ठेवावे. बुडातून जाणाऱ्या पाण्याच्या झडपा पितळी असतील तर खाऱ्या पाण्यात त्यांतले जस्त निघून जाते आणि झडप बिस्किटासारखी ठिसूळ होते. झडपेची किंमत किरकोळ; ती तुटल्यावर पडणारे भोक किरकोळ नसते.

तपासणी कधी आणि कोणाकडून?

बोट पाण्याबाहेर असताना, स्वतंत्र सर्वेक्षकाकडून. विक्रेत्याने हातात ठेवलेला जुना अहवाल वाचावा, पण त्यावर पैसे मोजू नयेत. मुंबईच्या किनाऱ्यावर बोटी पावसाळ्यात जमिनीवर काढून ठेवतात, त्यामुळे संधी आयती मिळते. मात्र ओलावा मोजणारे यंत्र भर पावसात सगळीकडेच लाल दाखवते, आणि बोट नुकतीच पाण्यातून काढली असेल तरी तेच. ऑक्टोबरच्या उन्हात काही आठवडे वाळल्यानंतर, पुन्हा पाण्यात उतरण्याआधी घेतलेले आकडे विश्वासार्ह. त्यानंतर एक दिवस वाऱ्यात, शिडे उभारून चाचणी. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगावे. आधीच गरम करून ठेवले असेल तर त्यामागचे कारण विचारावे.

आणि ठेवणार कुठे?

ठाणे-कल्याणच्या खरेदीदाराने हा प्रश्न आधी सोडवावा. खाडी दाराशी आहे, पण उंच डोलकाठीच्या बोटीला वाशी आणि ऐरोलीचे पूल आडवे येतात. ओहोटीला काठचा चिखल उघडा पडतो. पाच-सहा फूट खोल कील असलेली बोट तिथे कलंडेल. त्यामुळे बोट मुंबई बंदरात, गोव्यात किंवा कोचीला ठेवावी लागते आणि दर रविवारी डागडुजीला जाण्याचा प्रवासही हिशेबात धरावा लागतो. खरेदीच्या किमतीइतकाच खर्च तारा, शिडे, झडपा, इंजिन आणि जीवरक्षक तराफ्यावर होऊ शकतो. तेवढे पैसे बाजूला नसतील, तर आधी दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून दोन हंगाम काढणे स्वस्त पडते.