समोरची पार्टी टोकन घेऊन बसलीय!

घर घेण्याची अधिकृत गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पसंती, टोकन, कर्ज, रजिस्ट्रेशन, सत्यनारायण. ठाण्यात गृहकर्जाच्या फाइली फिरवणाऱ्या एका कचेरीत मी काही वर्षं काढली, त्यामुळे माझ्याकडे आहे ती अनधिकृत आवृत्ती. नावं अर्थातच सांगणार नाही. त्यातले बरेच जण अजून धंद्यात आहेत, आणि एकाने सध्या माझ्याच मावसभावाला फ्लॅट दाखवायला घेतलेत.

या नाटकातलं मुख्य पात्र म्हणजे ‘दुसरी पार्टी’. डोंबिवली पूर्वेच्या एका एजंटकडे ही पार्टी कायमची नेमलेली होती. त्याचा मेहुणा. गिऱ्हाईक किमतीवर अडलं की मेहुणा बायकोसकट फ्लॅट बघायला हजर व्हायचा, खिडकीतून डोकावून ‘वारा छान आहे हो’ म्हणायचा आणि जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, “टोकन आजच दिलं तर चालेल ना?” गिऱ्हाईक बहुधा संध्याकाळच्या आत चेक लिहायचं. एकदा स्टेशनजवळचा, पूर्वेकडे तोंड असलेला टू बीएचके निघाला. नेहमीचा प्रयोग झाला, पण मेहुण्याची बायको या खेपेला स्वयंपाकघरात जरा जास्तच रेंगाळली. तो फ्लॅट आज मेहुण्याच्या नावावर आहे, आणि घरचाच माणूस म्हणून त्याने दलालीचा एक रुपयाही दिला नाही.

फ्लॅट दाखवण्याचाही एक क्रम असतो. आधी अंधारा, मग महाग, आणि सगळ्यात शेवटी जो खपवायचा आहे तो. पहिले दोन बघून दमलेल्या माणसाला तिसरा महाल वाटतो. एका वयस्कर जोडप्याला मात्र पहिला, अंधाराच पसंत पडला, कारण त्याच्या खिडकीतून त्यांच्या मुलीचं घर दिसत होतं. काका तिथेच पाकिटाला हात घालायला लागले. एजंटला घाम फुटला. तो फ्लॅट विकायला नव्हताच. किल्ली वॉचमनकडून अर्ध्या तासासाठी आणलेली होती.

वॉचमन ही असामी जाहिरातीत कुठे नसते. जुन्या घराच्या सौद्यात घेणाऱ्याने एक-दोन टक्के दलाली द्यायची आणि विकणाऱ्यानेही, अशी रीत. पण रजिस्ट्रेशनच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या जिन्यावर तुम्ही कधी उभे राहिलात, तर दोनाचे चार एजंट झालेले दिसतील. एकाने घर सांगितलं, दुसऱ्याने गिऱ्हाईक आणलं, तिसऱ्याने दोघांची ओळख करून दिली, आणि चौथा का आला हे तिघांनाही ठाऊक नसतं. अशाच एका दुपारी आत सर्व्हर बंद, बाहेर टक्केवारीवरून हमरीतुमरी. संध्याकाळी अंगठे उमटले, फोटो निघाले, तरी चौघांचा हिशेब जुळला नव्हता. वॉचमनने त्याचं पाकीट सकाळीच घेतलं होतं. किल्ली त्याच्याकडे होती ना!

आता आमची बाजू. आम्ही बँकांचे डीएसए, म्हणजे बँकेला कर्जाचं गिऱ्हाईक आणून देणारे एजंट. कर्जदाराला ‘सेवा मोफत’ सांगायचं आणि डिसबर्समेंट झालं की बँकेकडून पेआउट घ्यायचं. त्यामुळे ‘सर, तुमच्यासाठी हीच बँक बेस्ट’ हे वाक्य ऐकलंत, की या महिन्यात कोणत्या बँकेने एजंटांसाठी जास्त टक्के लावलेत याचा अंदाज करावा. एकाच बँकेत एका माणसाची फाइल दोघांनी टाकली, तर ज्याचा कोड आधी पडला त्याला पैसे. एका शिक्षकांनी दर ताडून बघावेत म्हणून कागदांचे संच चौघा एजंटांना दिले. चौघांनीही विचारपूस न करता लॉगिन ठोकलं. प्रत्येक बँकेने सिबिल तपासलं, आणि अशी प्रत्येक चौकशी अहवालात उमटते, त्यामुळे सरांना एवढ्या पैशांची घाई का, असं एका अधिकाऱ्याने विचारलंसुद्धा. चौघांतल्या दोघांचं बँकेच्या दारातच ‘माझा कोड, माझा कोड’ सुरू झालं. तेवढ्यात सर त्यांच्यामधून वाट काढत आत गेले. शाखेतला मॅनेजर त्यांचा विद्यार्थी निघाला, आणि त्याने अर्ज थेट घेतला. कोड कुणाचाच पडला नाही.

फाइल मंजुरीच्या उंबरठ्यावर आली की व्हॅल्युअर येतो. नकाशात जे आहे ते घरात आहे का, हे बघणं त्याचं काम. घरमालकिणी मात्र त्याला पाहुणा समजतात. चार मजली इमारतीतल्या पहिल्या मजल्यावर एका वहिनींनी त्याला चहा दिला आणि हौसेने घर फिरवून दाखवलं. “ही बाल्कनी हॉलमध्ये घेतली. आणि इथे मधोमध खांब होता बघा, सोफ्याला आडवा यायचा. काढून टाकला!” व्हॅल्युअर अर्धा चहा टाकून जिना उतरला. कर्ज अर्थात नाकारलं गेलं. पुढे तो फ्लॅट एका रोकड बाळगणाऱ्याने चटकन घेतला. कर्ज नसलं की व्हॅल्युअर येत नाही, आणि त्या खरेदीदाराला सोफ्याची जागा फार आवडली होती.

काळ्या-पांढऱ्याचा किस्सा टाळून चालणार नाही. विकणाऱ्याला करारात किंमत कमी हवी असते, कर्ज काढणाऱ्याला जास्त. कारण ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँकेला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपुढे जाता येत नाही, आणि तिच्या लेखी किंमत म्हणजे कागदावरची. त्यात २०१५पासून घराच्या सौद्यात २० हजार किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई. तरी एक गृहस्थ ‘तीस टक्के रोख’ या हट्टावर ठाम राहिले आणि त्यांनी आमची चांगली गिऱ्हाइकं परतवली. काही महिन्यांनी तेच गृहस्थ कर्जासाठी आमच्या टेबलासमोर. घोडबंदरला मोठं घर बघितलं होतं. “तिथला मालक रोख मागतो हो,” ते कपाळावर हात मारून म्हणाले, “काय एकेक माणसं असतात!”

कर्जाबरोबर चिकटवल्या जाणाऱ्या विम्याचं थोडक्यात सांगतो. हप्ता कर्जातच मिसळतात आणि ‘कंपल्सरी आहे’ म्हणतात. तो तसा नसतो. आमच्या एका पोराने हे वाक्य एका तरुणाला मोठ्या आत्मविश्वासाने ऐकवलं. शेजारी बसलेल्या वडिलांनी शांतपणे प्रपोजल फॉर्म मागितला आणि त्यावर पोराचं कमिशन किती होईल ते तोंडी सांगितलं. ते एलआयसीतून निवृत्त झाले होते.

महारेराने २०२३मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, तेव्हा धंद्यात केस पांढरे झालेले लोक पेन्सिल घेऊन बसले. कार्पेट एरियात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही, हे वाचून एक शेठ हळहळले, “आयुष्यभर बाल्कनीच विकली की मी!” ते पास झाले. प्रमाणपत्र फ्रेम करून टेबलामागे लावलंय. त्याच्या खालच्या फळ्यावर फ्लॅटची मापं अजून सुपर बिल्ट-अपमध्येच लिहिलेली असतात.

जाता जाता दोन गोष्टी. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज वैयक्तिक कर्जदाराने मुदतीआधी फेडलं, तर बँकेला दंड लावता येत नाही. हे २०१२पासून आहे. आणि कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हे १ डिसेंबर २०२३पासून. या दोन्ही गोष्टी सांगायला तुम्हाला कुठल्याच एजंटचा फोन येणार नाही. त्यात कुणालाच दलाली नाही.