पंधराशेच्या मर्यादेत अझुमारिल

भाईंदरला जुलैच्या पावसात पकडलेला मॅरिल आणि तिथेच ऑक्टोबरच्या उन्हात पकडलेला मॅरिल, दोघं दिसायला अगदी सारखे. तेच गोल निळं अंग, तेच वाटोळे कान, शेपटीच्या टोकाला तोच निळा चेंडू. पण ‘पोकेमॉन गो’ मन लावून खेळणाऱ्याच्या लेखी ते दोन वेगळे जीव आहेत. पहिल्याला स्पर्धेच्या लायक करायला खर्च कमी येतो. दुसऱ्यातून, नशीब जोरावर असेल तर, मॅरिलचं मोठं रूप असलेला, स्पर्धेतला सर्वांत चिवट अझुमारिल घडतो. हा फरक का पडतो ते उमगलं की खेळातले अर्धे डावपेच समजले म्हणायचे. म्हणूनच या आढाव्यात शेकडो जीवांची जंत्री न देता एकाच जीवाचा पाठपुरावा केला आहे.

एक जीव, दोन खेळ

मॅरिल पहिल्यांदा दिसला तो १९९८ साली जपानमध्ये, पोकेमॉनच्या पहिल्या चित्रपटासोबत दाखवलेल्या लघुपटात. तेव्हा त्याचा खेळ बाजारात यायचा होता. त्यामुळे परदेशातल्या पोरांनी त्याला ‘पिकाब्लू’ ठरवून टाकलं, म्हणजे पिकाचूचा निळा भाऊ. १९९९च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या खेळांत त्याचं खरं रूप कळलं. तो पाण्याचा जीव होता आणि मोठा झाला की अझुमारिल होत होता. आपल्याकडे पोकेमॉन आला तो २००३ साली, कार्टून नेटवर्कवरून. त्या वेळी शाळेत असलेली पिढी आज तिशीत आहे. मीरा रोडहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांत ती भरपूर सापडेल.

निन्टेन्डोच्या मूळ खेळात अझुमारिल बरीच वर्षं दुय्यम होता. त्याचा मूळ हल्ला अवघा ५०, पण ‘ह्यूज पॉवर’ हा त्याचा अंगभूत गुण तो आकडा दुप्पट करतो. ऑक्टोबर २०१३मध्ये ‘एक्स’ आणि ‘वाय’ हे खेळ आले आणि दोन गोष्टी एकदम घडल्या. पाण्याच्या जोडीला त्याला परी हा नवा प्रकार मिळाला, आणि ‘बेली ड्रम’ व ‘अ‍ॅक्वा जेट’ हे दोन डाव एकाच अझुमारिलला शिकवता येऊ लागले. बेली ड्रम म्हणजे आपलं अर्धं आयुष्य खर्च करून हल्ला थेट चौपट करायचा. अ‍ॅक्वा जेट म्हणजे प्रतिस्पर्धी कितीही चपळ असला तरी त्याच्या आधी मारायचा फटका. मधल्या फेरीत ‘सिट्रस बेरी’ हे फळ एकूण आयुष्याचा पाव भाग परत देतं.

यातली एक बारीक खुबी जाणकार खेळाडू कधी विसरत नाहीत. फळ खाल्लं जायला आयुष्य बरोबर निम्म्यावर किंवा त्याखाली यावं लागतं. एकूण एचपीचा, म्हणजे आयुष्याचा, आकडा विषम असला तर बेली ड्रमनंतर थोडं जास्तच उरतं आणि फळ तसंच हातात राहतं. म्हणून अझुमारिलला शिकवताना त्याचा एचपी सम ठेवायचा. एका एककाच्या चुकीने अख्खी चाल फसते.

तर या खेळातला अझुमारिल म्हणजे स्वतःला झोकून देणारा हल्लेखोर. आता फोनवरच्या खेळाकडे वळू.

पंधराशेचं गणित

‘पोकेमॉन गो’ जुलै २०१६मध्ये जगात आला. भारतात तो रीतसर आला त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, जिओच्या साथीने. अर्थात तोवर वाट पाहणाऱ्यांपेक्षा आडवाटेने फाइल मिळवून खेळणारेच जास्त होते. खेळाडूंची आपापसातली लढत डिसेंबर २०१८मध्ये सुरू झाली आणि २०२०मध्ये ‘गो बॅटल लीग’ आल्यावर घरी बसून अनोळखी माणसाशी लढता येऊ लागलं.

या खेळात अंगभूत गुण हा प्रकारच नाही. ह्यूज पॉवर गेली, बेली ड्रमची चालही गेली. उरला तो कमी हल्ल्याचा, पण अंगाने दणकट असा जीव. इथे त्याचे मूळ आकडे हल्ला ११२, बचाव १५२ आणि एचपी २२५ असे आहेत. वरवर बघणाऱ्याने याला बाजूला काढलं असतं. पण ‘ग्रेट लीग’ची अट अशी की कुठल्याही जीवाची एकूण ताकद, म्हणजे सीपी, १५००च्या वर जाता कामा नये. या अटीनेच अझुमारिलला वर्षानुवर्षं पहिल्या फळीत ठेवलं.

सीपी काढताना हल्ल्याचा आकडा जसाच्या तसा धरतात, तर बचाव आणि एचपी यांची वर्गमुळं धरतात. हल्ला दुप्पट केला की सीपी दुप्पट होतो. बचाव दुप्पट केला तर तो जेमतेम ४१ टक्क्यांनी वाढतो. बिल्डरला मंजूर झालेल्या चटईक्षेत्रासारखीच ही मर्यादा आहे: एकूण जागा ठरलेली, आणि हल्ला ही त्यातली सर्वांत जास्त जागा खाणारी खोली. ती लहान ठेवली की बाकीचं घर ऐसपैस होतं.

प्रत्येक जीवाला जन्मतः हल्ला, बचाव आणि एचपी यांत ० ते १५ असे जादा गुण मिळतात. खेळाडू त्यांना आयव्ही म्हणतात. तिन्हींत १५ मिळालेला जीव म्हणजे ‘हंडो’, शंभर टक्केवाला, ज्याचा स्क्रीनशॉट मित्रांना पाठवायचाच. पण ग्रेट लीगमध्ये हंडो अझुमारिल मागे पडतो. तो ३६व्या पातळीला १४९७ सीपीवर अडकतो. तेव्हा त्याचा हल्ला ९७.५, बचाव १२८.२ आणि एचपी १८४ असतो. हल्ल्यात ८ आणि बाकी दोन्हींत १५ मिळालेला अझुमारिल मात्र ४०व्या पातळीपर्यंत चढतो आणि बरोबर १५०० सीपीवर थांबतो. त्याचा हल्ला ९४.८, बचाव १३२ आणि एचपी १८९. हल्ल्यात शून्य मिळालेला त्याच्याही पुढे, साडेपंचेचाळिसाव्या पातळीपर्यंत जातो. त्याचा बचाव १३६.६ आणि एचपी १९६ होतो, हल्ला मात्र ९१.६वर येतो. ४०च्या पुढच्या पातळ्यांसाठी एक्सएल कँडी लागते, आणि इथवर पोहोचायला ती शंभराहून जास्त खर्चावी लागते.

हंडोपेक्षा १२ एचपी जास्त, म्हणजे बरेचदा एक जादा फटका सोसून आपला पुढचा मारा सोडण्याइतकी उसंत. चुरशीच्या लढती अशा एकेका फटक्यावर फिरतात.

आभाळाचा हिशोब

आता सुरुवातीच्या त्या दोन मॅरिलकडे येऊ. खेळातलं हवामान खऱ्या हवामानावर बेतलेलं असतं. पाऊस असला की पाण्याच्या जीवांना जोर मिळतो, ढगाळ असलं की परी जीवांना. मॅरिल पाण्याचाही आणि परीचाही. जून ते सप्टेंबर, वसईची खाडी ते उत्तनचा समुद्र या पट्ट्यावर एक तर धो धो कोसळत असतं नाही तर आभाळ भरून आलेलं असतं, आणि मॅरिलला दोन्ही मानवतं.

हा जोर दोन गोष्टी करतो. एक, एरवी रानातला जीव ३०व्या पातळीपर्यंतच मिळतो, जोर असताना ३५पर्यंत मिळतो. जीवाला ४०पर्यंत चढवताना खर्च होणाऱ्या स्टारडस्टमधला बराच भाग वाचतो. दोन, जोर मिळालेल्या जीवाचा कुठलाच आयव्ही ४च्या खाली जात नाही. म्हणजे पावसाळ्यातल्या मॅरिलमध्ये शून्य हल्ल्याचा एकही सापडणं शक्य नाही. तो हवा असेल तर स्वच्छ ऊन पडायची वाट पाहावी लागते. आणि तेव्हाही हल्ला शून्य, बाकी दोन पंधरा हा योग ४०९६त एकदा.

म्हणून व्यवहारी खेळाडूचं लक्ष्य ८-१५-१५ असावं. त्याची शक्यता उन्हात ४०९६त एक, पण पावसात किंवा ढगाळ हवेत १७२८त एक. एक्सएल कँडीही लागत नाही. म्हणजे पावसाळा आपल्या बाजूने आहे, फक्त मागणी बेताची ठेवली पाहिजे.

तिसरी वाट अदलाबदलीची. जीव दुसऱ्याला दिला की त्याचे आयव्ही नव्याने पडतात, आणि मैत्री जितकी मुरलेली तितकी किमान मर्यादा वर सरकते. ‘बेस्ट फ्रेंड’शी अदलाबदल केली तर ती ५वर येते. शून्य हल्ल्याची आशा तिथेच संपते, पण ८-१५-१५ची शक्यता १३३१त एक होते. ‘लकी’ अदलाबदल मात्र टाळायची: तिथे किमान १२ पडतात, आणि ग्रेट लीगसाठी तो तोटाच. एक जीव एकदाच बदलता येतो, तेव्हा दुसरी संधी नाही. साध्या अदलाबदलीत दोघं खेळाडू एकमेकांपासून शंभर मीटरच्या आत हवेत. २०११च्या जनगणनेत ८,०९,३७८ लोकसंख्या नोंदवलेल्या मीरा-भाईंदरसारख्या दाट शहरात ही अट कोणाला जाचत नाही. शांतीनगरच्या एका सेक्टरमधली दोन पोरं आपापल्या गॅलरीतून सौदा पार पाडू शकतात.

बुडबुडे मोजणं

लढतीत प्रत्येकाकडे तीन जीव आणि मोठा मारा अडवणाऱ्या दोन ढाली असतात. वेळ अर्ध्या सेकंदाच्या ठोक्यांनी चालते. हलका मारा सतत करत राहायचा, त्यातून ऊर्जा साठते आणि ती खर्चून मोठा मारा सोडायचा. अझुमारिलचा हलका मारा ‘बबल’. तो दीड सेकंद घेतो आणि गेली अनेक वर्षं दर वेळी ११ ऊर्जा देत आला आहे. पाच बबल म्हणजे ५५, आणि ‘आइस बीम’ला लागते बरोबर ५५. एक कणही वाया जात नाही. ‘प्ले रफ’ला ६० लागते, म्हणून सहा बबल. ‘हायड्रो पंप’ला ७५, म्हणून सात.

समोरचा कच्चा नसेल तर तोही हे बुडबुडे मोजत असतो. पाचव्यानंतर तो ढालीवर बोट ठेवून तयार असतो. अझुमारिल खेळवणाऱ्याचं कसब इथे दिसतं. पाचव्यानंतर लगेच आइस बीम सोडायचा, की अजून दोन बबल थांबून हायड्रो पंपची भीती घालायची? मोठ्या माऱ्याच्या धास्तीने ढाल खर्च करायला लावून स्वस्त मारा सोडणं याला खेळाडू ‘बेट’ म्हणतात.

दीड सेकंदाचा बबल हीच त्याची उणीवही आहे. त्याचा मोठा मारा कधी येणार हे सहज ओळखता येतं. आणि समोरच्याचा हलका मारा नुकताच सुरू झालेला असताना आपण मोठा मारा सोडला तर त्याचा तो फटका फुकटात लागू होतो. म्हणून नजर आपल्या बुडबुड्यांवर कमी आणि समोरच्याच्या हालचालीवर जास्त हवी. धावत्या लोकलमध्ये टॉवर बदलताना खेळ क्षणभर गोठतो तेव्हा ही सगळी मोजदाद कोलमडते. नायगाव ते दहिसर या टप्प्यात गुण पणाला लावू नयेत, इतकंच.

कमी हल्ल्याची एक किंमतही मोजावी लागते. दोघांनी एकाच ठोक्याला मोठा मारा सोडला तर ज्याचा हल्ला जास्त त्याचा आधी लागतो. अझुमारिल विरुद्ध अझुमारिल अशी गाठ पडली की शून्यवाला इथे हरतो. म्हणून काही जाणकार मुद्दाम थोडा जास्त हल्ल्याचा अझुमारिल बाळगतात. शेवटी समोर कोण येणार याचा अंदाजच खरा.

सोबती कोण

पाणी आणि परी या जोडीमुळे आग, पाणी, बर्फ, कुस्ती, कीटक आणि अंधार या सहा प्रकारांचे मारे त्याला कमी लागतात. ड्रॅगनचा तर जवळजवळ लागतच नाही. भीती तीनच प्रकारांची: वीज, गवत आणि विष. गवताविरुद्ध आइस बीम हातात असला तरी बबल फिका पडतो, आणि व्हीनसॉरसारखा गवत-विष दोन्हींचा जीव समोर आला की अझुमारिलला माघारी बोलावणंच शहाणपणाचं.

म्हणून सोबत असा जीव हवा जो गवताला आणि विषाला हाताळेल. अल्टेरियासारखा उडता ड्रॅगन गवताला भारी पडतो, पोलादी जीवावर विष फारसं चालत नाही. अझुमारिलला पहिला उतरवणं जोखमीचं. दुसरा म्हणून आणून समोरच्याकडून गवताचा जीव बाहेर काढून घ्यायचा आणि त्यावर आपला तयार सोबती सोडायचा, ही जुनी खात्रीची चाल. किंवा समोरच्याच्या ढाली संपल्यावर शेवटी उतरवायचा. तेव्हा त्याच्या अंगातलं ते जादा एचपी खऱ्या अर्थाने कामी येतं.

मोठ्या स्पर्धांत हाच १५००चा नियम असतो, पण सहा जीव आधी उघड करून त्यातले तीन निवडायचे असतात. तिथे अझुमारिल न उतरवताही उपयोगी पडतो: यादीत त्याचं नाव दिसलं की समोरच्याला गवताचा किंवा विजेचा एक जीव जवळ ठेवावाच लागतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत अ‍ॅनाहाइमला झालेल्या जागतिक स्पर्धेत ‘पोकेमॉन गो’चं विजेतेपद ‘बीलझेबॉय’ या नावाने खेळणाऱ्या भारतीय खेळाडूने जिंकलं. ज्या देशात हा खेळ २०१६मध्ये आडवाटेने आला, तिथला खेळाडू नऊ वर्षांत जगज्जेता झाला, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

ग्रेट लीगमध्ये दुर्मीळ, महागडे, अजस्र जीव अटीमुळेच बाहेर राहतात किंवा खुजे होऊन येतात. त्यामुळे पावसात चौकाचौकात सापडणारा मॅरिल त्यांच्या बरोबरीने उभा राहतो. मारे आणि त्यांचे आकडे दर हंगामात बदलतात, कधी अझुमारिल वर जाईल, कधी खाली. म्हणून ‘सध्या कोण बलवान’ याच्या याद्या पाठ करण्यापेक्षा वर्गमुळाचं ते साधं गणित पक्कं करावं, आणि पुढच्या जूनपासून मिळेल तो मॅरिल सोडून देण्याआधी त्याचा हल्ला तेवढा एकदा तपासावा.