नांदायला जा, नाहीतर तुरुंगात

आपल्या मॉरिशसमध्ये लग्न ठरले की वडील मंडळी लगेच विचारतात, सिविल केव्हा? ह्या प्रश्नाचे मूळ जुने आहे. आपले पूर्वज मुंबई बंदरातून येथे आले तेव्हा राज्य इंग्रजांचे, पण कायदा नेपोलियनचा होता. देवाब्राह्मणांसमोर लागलेले लग्न सरकारी वहीत नसेल, तर कायद्याच्या लेखी बायको ही बायकोच नव्हे.

त्याच काळात, त्याच इंग्रजांच्या मुंबईत उलटा प्रकार होता. लग्न वहीत नोंदवायला नको. पण एकदा लागले की बाईची सुटका नाही. रखमाबाईंनी हे सोसले.

त्यांचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी ह्यांच्याशी झाले, पण त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. वडील लहानपणीच वारले होते. सुतार ज्ञातीत विधवेला पुन्हा लग्न करता येई, म्हणून आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्याशी लग्न केले होते. त्या घरात पुस्तके होती. मुलगी वाचून शहाणी झाली. दादाजी मात्र शिकले नाहीत, प्रकृतीही ढासळली, आणि ते मामाकडे राहू लागले. १८८४ मध्ये त्यांनी हायकोर्टात दावा लावला : बायकोला नांदायला पाठवा.

असला दावा मुळात आपल्या शास्त्रातला नव्हेच, तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातला. न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. खुद्द इंग्लंडात ह्या कारणासाठी कैद करणे १८८४ मध्येच बंद झाले होते! रखमाबाईंनी कळवले, तुरुंग पत्करला.

गणेशचतुर्थीला आपण टिळकांचे नाव आदराने घेतो. पण त्यांच्या ‘केसरी’ने ह्या मुलीवर जी टीका केली, ती मला आजही पटत नाही.

पुढे व्हिक्टोरिया राणीने हे लग्न मोडले, असे पुष्कळजण सांगतात. तसे झाले नाही. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला, इतकेच. घटस्फोट कसा होणार? काही जातींत पंचांपुढे काडीमोड होई, ती सोडली तर हिंदू बाईसाठी तसा कायदाच नव्हता. दादाजींना दुसरी बायको करायला मोकळीक होती, रखमाबाईंना नवरा करायला नव्हती.

त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोट येथे त्यांनी बायकांच्या दवाखान्यात वर्षानुवर्षे काम केले. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले. तुरुंगाला न भ्यालेल्या बाईने असे का करावे, ह्याचा उलगडा मला होत नाही.

भारतात हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये आला आणि देशभरच्या हिंदू स्त्रियांना घटस्फोट मागता येऊ लागला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई वारल्या. त्यांचे वय तेव्हा ९० होते.