स्टेक, चीज आणि बटाट्याची कुरकुर : लोडेड फ्राइज घरी करताना

आजचा विषय खाण्याचा दिसत असला तरी मुळात तो पाण्याचा आहे. तळलेल्या बटाट्यावर भाजलेलं मांस आणि वितळलेलं चीज घातलं की लोडेड फ्राइज झाले, इतकं ते सोपं वाटतं. पण घरी केलेली ही डिश पाच मिनिटांत लगदा का होते? कारण तिन्ही पदार्थांत पाणी आहे, आणि ते सतत बटाट्याकडे निघालेलं असतं.

या पदार्थाची बरीच भावंडं आहेत. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १९५० च्या दशकापासून फ्राइजवर चीजचे दाणे आणि ग्रेव्ही घालून पुटीन खातात. आज आपण घेऊ सॅन दिएगोचे कार्ने असादा फ्राइज. कॅलिफोर्नियाचं हे शहर मेक्सिकोच्या सीमेला लागून आहे, पलीकडे तिहुआना. कार्ने असादा म्हणजे आचेवर भाजून बारीक कापलेलं गोमांस. ते एरवी टॉर्टियात गुंडाळून मिळायचं. १९९० च्या दशकात तिथल्या टाको विकणाऱ्या दुकानांतून ते फ्राइजवर आलं. जोडीला चीज, ग्वाकामोली, सावर क्रीम. अमेरिकेच्या फ्राइजवर मेक्सिकोचं मांस, हे त्या सीमेवरच सुचावं!

आता बटाटा. त्यात जवळजवळ ऐंशी टक्के पाणी. आपल्याला हवा पिठूळ, कमी पाण्याचा आणि जास्त स्टार्चचा बटाटा. अमेरिकेत तो रसेट नावाने मिळतो. आपल्याकडे चिप्सोना किंवा फ्रायसोना मिळाला तर उत्तम. नवा, ओलसर बटाटा रश्श्यासाठी ठेवा. आणि बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत स्टार्चची साखर होते, मग काप कुरकुरीत व्हायच्या आधीच काळपट पडतात. शिवाय स्टार्चयुक्त पदार्थ तळताना ॲक्रिलामाइड नावाचं अपायकारक रसायन तयार होतं, हे २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. साखर जास्त असली की तेही वाढतं. म्हणून फ्राइज सोनेरी झाले की थांबायचं.

चौघांसाठी किलोभर बटाटे घ्या. करंगळीहून थोडे बारीक काप करा आणि पाणी नितळ होईपर्यंत धुवा, म्हणजे वरचा सुटा स्टार्च जातो. मग लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर आणि मीठ घालून ते आठ-दहा मिनिटं उकळा. व्हिनेगर कशाला? बटाट्याच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आम्लात सहजी विरघळत नाही. काप आतून शिजतात, पण मोडत नाहीत. निथळून कापडावर अगदी कोरडे होऊ द्या. ही पायरी टाळू नका. ओला काप तापल्या तेलात पडला की तेल उसळतं. कढईही निम्म्यापेक्षा जास्त भरू नये.

तळायचं दोनदा. पहिल्यांदा १६० अंश सेल्सियसच्या आसपास, पाच मिनिटं, रंग न येऊ देता. पृष्ठभागावरचा स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि त्याची पापडीसारखी साल बनायला लागते. बाहेर काढून पूर्ण गार करा. या अर्ध्या तासात आतलं पाणी सालीकडे येतं, आणि दुसऱ्या खेपेला, १९० अंशांवर तीन मिनिटांत, ते वाफ होऊन निघून जातं. तेलातले बुडबुडे म्हणजे ही वाफच. ते मंदावले की समजावं, काम झालं. काढल्यावर जाळीवर ठेवा. ढिगाखाली कागद घातला तर खालच्या फ्राइजची वाफ तिथंच कोंडते. आमच्या मते निम्मी कुरकुर याच ठिकाणी जाते.

मांसाबद्दल थोडक्यात. फ्लँक किंवा स्कर्ट हे कट घ्यावेत, साधारण अर्धा किलो. लिंबू, लसूण, जिरेपूड, मिरची, मीठ आणि थोडं तेल लावून दोन तास ठेवा. रात्रभर नको, लिंबामुळे वरचा थर पिठाळतो. भाजण्याआधी मात्र मसाल्याचं पाणी पुसून काढा. पाणी आहे तोवर पृष्ठभागाचं तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, आणि खमंग तपकिरी रंग देणारी क्रिया, जिचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये केलं, ती जोमाने व्हायला १४० अंश तरी लागतात. बिडाचा तवा धूर येईतो तापवा. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस आहे आत ६३ अंश आणि मग तीन मिनिटं विसावा. आपण पाच-सात मिनिटं देऊ, म्हणजे कापताना रस कमी गळतो. कापताना धाग्यांना आडवा छेद द्यायचा, नाहीतर चावतच बसाल. ताटलीत साचलेला रस फ्राइजवर ओतायचा मोह होईल, तो वाटीत वेगळा वाढा.

महाराष्ट्रात गायीप्रमाणेच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे. म्हशीचं मांस चालतं, त्याचा अंडरकट इथं छान लागतो. ज्यांना तेही नको, त्यांनी कोंबडीच्या मांड्या किंवा मोठे मशरूम घ्यावेत. कोंबडी मात्र ७४ अंशांपर्यंत शिजवा.

आता चीज. पनीर तव्यावर भाजलं तरी वितळत नाही, हे आपण रोज पाहतो. दूध लिंबाने फाडताना केसिन या प्रथिनातलं कॅल्शियम निघून जातं, प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात, आणि उष्णतेने ती पकड आणखी आवळते. रेनेट घालून केलेल्या चीजमध्ये कॅल्शियमचे सांधे शिल्लक असतात. तापवल्यावर पकड सैल होते आणि चीज ओघळतं. जास्त तापवलं किंवा चीज फार जुनं असलं की प्रथिनांच्या गाठी आणि वर तेलाचा तवंग. यावर जुना उपाय म्हणजे सोडियम सिट्रेट. ते थोडं कॅल्शियम काढून घेतं, मोकळी झालेली प्रथिनं चरबीच्या थेंबांना वेढून बसतात. प्रोसेस्ड चीजच्या वेष्टनावर ३३१ हा आकडा दिसला तर तो त्याचाच. घरी ते नसेल तर दोनशे ग्रॅम किसलेल्या चीजला चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळून पाऊण कप आटवलेल्या दुधात मंद आचेवर ढवळा, सॉस फाटत नाही.

पण फ्राइजवर सॉस ओतावा का? आमचं मत, ओतू नये, बुडवायला बाजूला द्यावा. त्यात दूध म्हणजे पुन्हा पाणीच. सॅन दिएगोच्या पद्धतीचं किसलेलं मॉन्टेरे जॅक बरं, ते नसेल तर मोझरेला आणि चेडर निम्मं निम्मं. ओव्हनच्या ट्रेमध्ये फ्राइज एकाच थरात पसरा, वर चीज, मग दोन मिनिटं वरची आच. वितळलेलं चीज रेनकोटासारखं काम करतं. मांस त्याच्यावर. ग्वाकामोली आणि सावर क्रीम खायला बसताना, तेही कडेला.

एअर फ्रायर चालेल का, हे आम्हाला नेहमी विचारलं जातं. चालेल. उकळून वाळवलेल्या कापांना दोन चमचे तेल चोळा, २०० अंशांवर वीस-बावीस मिनिटं ठेवा, मधे दोनदा हलवा. टोपली निम्मीच भरा, मग दोन खेपा झाल्या तरी हरकत नाही. पहिली खेप जाळीवर थांबू शकते, शेवटची दोन मिनिटं तिला पुन्हा आत टाका.