साडेतीनशे की नऊ?

भूमध्य समुद्राकाठच्या माळरानांवर ऑफ्रिस नावाचं एक ऑर्किड उगवतं. त्याचं फूल चक्क एकट्या राहणाऱ्या रानमाशीच्या मादीचं सोंग घेतं. अंग केसाळ, वर चकाकता ठिपका, वासही हुबेहूब तिचाच. नर येतो, फसतो, अंगाला पराग चिकटवून घेतो आणि पुढच्या फुलावर जाऊन पुन्हा फसतो!

आता सांगा, या ऑफ्रिसच्या जाती किती? बेल्जियमचे पिएर देल्फोर्ज यांची यादी जाते साडेतीनशेच्या घरात. पेडरसन आणि फाउरहोल्ट यांनी २००७ साली मोजल्या १९. आणि जनुकं वाचणारे म्हणतात, ९, फार तर १०. माळ तेच, फुलं तीच!

हा फरक केवढा, ते जरा वेळेच्या मापानं मोजू. प्रत्येक जात दुसऱ्या प्रत्येक जातीशी ताडून पाहायची. ३५० जातींच्या जोड्या होतात ६१,०७५. दर जोडीची ४३ अंगलक्षणं तपासू. (४३ हा आकडा माझ्या मनाचा नाही, रिचर्ड बेटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१८च्या अभ्यासात तेवढीच लक्षणं होती.) एका लक्षणाला एक मिनिट धरलं, तर न झोपता, न जेवता ५ वर्षं लागतात. १९ जाती मानल्या तर ५ दिवस. आणि ९ मानल्या तर २६ तास. आज सकाळी बसलात तर उद्या जेवायच्या वेळेला मोकळे!

पण बेटमन मंडळींनी फुलांच्या जोडीला जनुकंही वाचली, आणि तिथले आकडे पाहून तर डोळेच फिरतात. ऑफ्रिस स्फेगोडेस या एका जातीच्या जनुकसंचात सुमारे ५२० कोटी अक्षरं आहेत. सेकंदाला एक अक्षर मोजायचं म्हटलं तर १६५ वर्षं लागतील. डार्विनचं ऑर्किडवरचं पुस्तक आलं १८६२ साली. त्या दिवशी मोजायला बसलेला माणूस २०२७ उजाडेपर्यंत हलणार नाही! हीच अक्षरं वर्तमानपत्राच्या टायपात, दोन मिलिमीटरला एक अशी, एका ओळीत छापली तर ओळ होईल १०,४०० किलोमीटरची. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. म्हणजे डेक्कन क्वीननं रोज पुण्याहून मुंबईला जायचं, संध्याकाळी परतायचं आणि हे सलग २७ दिवस करायचं, तेव्हा कुठे ती ओळ संपेल.

आणि निवाडा कितीवर झाला? नमुन्यानमुन्यात बदलणाऱ्या ४,१५९ अक्षरांवर. त्याच टायपात ती शेजारीशेजारी लावली तर सव्वाआठ मीटर. २७ दिवसांच्या त्या वाऱ्यांसमोर डेक्कन क्वीनच्या एका डब्याचा साधारण तिसरा हिस्सा! अक्षरामागे रुपया धरा. तिजोरीत ५२० कोटी, आणि खर्च झाले ४,१५९. वाण्याचं महिन्याचं बिल! नेमकी तीच अक्षरं कशी हुडकली, ते प्रयोगशाळेवर सोडू. पण तेवढ्यावर आधी मांडलेल्या १० गटांपैकी ९ ठामपणे वेगळे निघाले, आणि त्यांच्या पोटातल्या बारीकसारीक ‘जाती’ एकमेकींपासून जेमतेम ओळखू येईनात.

मला ९ पटतात. फक्त नराला कोण समजावणार? स्फेगोडेस आणि तिची सख्खी बहीण एक्झाल्टाटा, दोघींच्या वासात कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. पण साखळीतला एक दुहेरी बंध स्फेगोडेसमध्ये नवव्या किंवा बाराव्या घरात, आणि एक्झाल्टाटामध्ये सातव्या. सातवं आणि नववं, यांत अंतर दोन घरांचं. म्हणजे सुमारे पाव नॅनोमीटर. अशी अंतरं एका सेंटीमीटरात चार कोटी बसतात! तेवढ्यावरून एकीकडे आंद्रेना वंशाच्या माशीचा नर फिरकतो आणि दुसरीकडे कोलेटेस वंशाच्या. आणि ९ जातींच्या हिशेबात या दोघी बहिणी बसतात एकाच खणात!