मिरजेहून येणारी तंबोरी

लातूरच्या एका गायनशिक्षिकेने मिरजेला तंबोरी सांगितली, तेव्हा कारागिराने आधी एसटीची चौकशी केली. "बसमध्ये मांडीवर घेणार का वर रॅकवर टाकणार, तेवढं सांगा बाई. त्यावर घाट ठरवू." बाईंचे काही वर्ग लातुरात, काही नांदेडला. चाकूर, अहमदपूर, लोहा करत जाणाऱ्या गाडीत पाच फुटांचा तानपुरा घेऊन चढायचे म्हणजे अख्ख्या बसशी वाटाघाटी. कंडक्टर अर्ध्या तिकिटाची थट्टा करतो, शेजारचे पाय आवरून बसतात, आणि भोपळ्याला कोणाचे तरी कोपर लागायचे ते लागतेच.

तंबोरी ही काही नवलाची चीज नव्हे. सतार-सरोदवाले साथीला छोटा तानपुरा वापरतातच, आणि भोपळ्याऐवजी चपटी लाकडी पेटी लावलेले प्रवासी तानपुरेही मिरजेत होतात. बाईंना दोन्ही नको होते. लाकडी पेटीचा आवाज त्यांना 'डब्यातला' वाटतो. भोपळा खराच हवा, पण पोट कमी; उंची तीन फुटांच्या आसपास; आणि सगळे मिळून खांद्याला लावायच्या खोळीत बसले पाहिजे. थोडक्यात, गिटारवाल्या पोराची सोय आणि गवयाचा आवाज, दोन्ही एकदम. कारागीर चाचांनी कागदावर पेन्सिलीने एक रेघ मारली, ती खोडली, आणि म्हणाले, "करू की. पण घाई नको."

घाई करून उपयोगही नसतो, कारण हा कारखाना शेतात सुरू होतो. वाद्याचे भोपळे पंढरपूर भागातल्या शेतांतून येतात. ते कडू असतात, खायच्या कामाचे नाहीत. वेलावर पुरते पिकू द्यायचे, मग महिनोन् महिने वाळवायचे. कारागीर भोपळा उचलतो, टिचकी मारतो, कानाशी नेतो. साल जाड आणि सगळीकडे सारखी हवी. मग तो पाण्यात भिजवून मऊ करतात, तोंड कापून आतला गर आणि बिया खरवडून काढतात, आणि आतून काड्यांचा ताण देऊन हवा तो आकार येईपर्यंत पुन्हा वाळत ठेवतात. बाईंच्या भोपळ्याची खरी गोम इथेच होती. नेहमीपेक्षा उथळ कापायचा तर कापलेली कड रुंद उघडते आणि वाळताना वाकडी होण्याचा धोका वाढतो. पहिला भोपळा तसा वाकडा झालाच. चाचांनी तो बाजूला ठेवला आणि दुसरा भिजत घातला.

मिरजेला हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आले आहे. ते सुरू करणारे फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, घडवणारे. तलवारींचे दिवस सरत आले तसा त्यांनी हात वाद्यांकडे वळवला. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि घराण्याचे आडनावच सतारमेकर झाले. पुढे गवई अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, आणि गवयांची पायधूळ इथल्या दुकानांना कायम लागत राहिली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

लातूरकरांना मिरज दूरची वाटत नाही, त्याचे कारण रेल्वे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी 1911 मध्ये लातूरला पोहोचली, आणि 1927 मध्ये दुसरे टोक मिरजेला लागले. मधे कुर्डुवाडी, मधे पंढरपूर. म्हणजे भोपळा पिकतो तो मुलूख, वाद्य घडते ते गाव आणि ते वाजते ते गाव एकाच रुळावर. आता तो मार्ग ब्रॉडगेज आहे. एप्रिल 2016 मध्ये दुष्काळाने लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा याच मार्गाने मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्यानंतर मिरजेहून काही यायचे आहे म्हटले की लातुरात कोणी तरी "पाणी का?" असे विचारतेच. बाईंनाही विचारले गेले.

वाद्य लहान करण्याची ओढ मराठवाड्याला परकी नाही. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी 1708 मध्ये नांदेडला देह ठेवला. शीख परंपरा सांगते की मोराच्या आकाराचे अवजड ताऊस घोड्यावर नेता येईना, म्हणून त्यांच्या काळात दिलरुबा हे सुटसुटीत रूप पुढे आले. इतिहासकार यावर वाद घालतील. घोड्याची अडचण मात्र खरी वाटते. आणि गावोगावच्या हरिनाम सप्ताहात गळ्यात असते ती वीणा तरी दुसरे काय आहे? छोटा भोपळा, आखूड दांडी, उभ्याने छेडता येईल असा बेत. सात दिवस ती खाली टेकवायची नाही, एका विणेकऱ्याने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. असला नियम पाच फुटी तानपुऱ्याला लावून बघा.

तिकडे गिटारवाल्यांचा प्रवास उलटसुलट झाला. अमेरिकेत 1833 पासून गिटारी बनवणाऱ्या मार्टिन कंपनीची जुनी वाद्ये आजच्या मानाने अंगाने लहानच होती. पुढे मोठ्या आवाजाची मागणी आली आणि 1916 मध्ये युद्धनौकेचे नाव घेतलेली रुंद कमरेची 'ड्रेडनॉट' निघाली. मग प्रवास वाढले, घरे लहान झाली, आणि 2010 मध्ये टेलर कंपनीने 'जीएस मिनी' आणली तेव्हा तिला हातोहात गिऱ्हाईक मिळाले. तिथला पेच आणि इथला पेच एकच: पोट लहान केले की आतली हवा कमी होते आणि खालचे स्वर दुबळे पडतात. सुताराच्या कौशल्याने ही तूट थोडी भरते, सगळी नाही.

तानपुऱ्यात ती भरण्याची जागा म्हणजे घोडी. तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या फळीवर, बसलेल्या या रुंद पुलाचा माथा सपाट दिसतो. बोट फिरवले की कळते, तो अगदी मंद उताराचा आहे. तार त्यावर टेकत, सुटत, पुन्हा टेकत थरथरते आणि एका स्वरातून वरच्या स्वरांची रांग उमटते. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये तानपुरा आणि वीणा यांच्या याच पुलावर शास्त्रीय लेख लिहिला होता. चाचा ते सगळे कानशीने करतात. दोन हात मारायचे, भुकटी फुंकायची, तार चढवायची, ऐकायचे, तार उतरवायची. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवायचा; केसभर पुढे गेला तर आवाज मुका, केसभर मागे आला तर नुसती झणझण. याला जवारी काढणे म्हणतात, आणि लहान वाद्याची जवारी जास्त उघडी ठेवावी लागते. पोटातून येत नाही ते घोडीवरून काढायचे. तरी जास्त उघडली की गाणाऱ्याच्या कानाला टोचते. वरवर सजावटीची पाने आणि पॉलिश बघून वाद्य घेणाऱ्यांना चाचा फारसे काही सांगत नाहीत.

मोबाइलवर तानपुरा फुकट वाजत असताना हा खटाटोप कशाला, हा प्रश्न बाईंना नेहमी येतो. बेंगळुरूच्या राडेलने 1979 मध्येच इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला आणि निम्म्या महाराष्ट्राचा रियाज त्या डब्यावर झाला, बाईंचाही झाला. त्यांची तक्रार सुराची नाही. पोरांना तार लावता येत नाही, ही आहे. खुंटी पिळून, मणी सरकवून, दोन जोडाच्या तारा एकजीव होईपर्यंत ऐकत बसायची सवय ॲप लावत नाही. हे त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. तंबोरीचा आवाज मोठ्या तानपुऱ्याच्या पासंगालाही पुरला नाही तरी पोरांच्या हातात खुंटी येईल.

दुसरा भोपळा सरळ वाळला. गळा जोडला, तुणीच्या लाकडाची पोकळ दांडी बसली, तबली चिकटली. फोटो येत राहिले. बाईंनी घाईने माप देऊन लातुरात खोळही शिवायला टाकली, ती चाचांनी थांबवायला लावली, कारण खुंट्या अजून बसायच्या होत्या.

मग घोडी बसवण्याआधी मिरजेहून फोन आला. "सूर कुठला धरू? वर्गात पोरं पण आहेत, पोरी पण."

पोरी पेटीच्या काळी चार-पाचला गातात, आवाज फुटलेली पोरे काळी एकला. तीन फुटी तंबोरीवर काळी एकचा खर्ज ढिला पडतो, तार लोंबते. जाड तार लावली तर लहान तबलीला झेपत नाही. "दोन्ही नाही का जमणार, चाचा?"

"जमवलं तर कुणाचंच नीट होणार नाही."

बाईंनी काळी चार सांगितली. पोरांसाठी घरचा मोठा तानपुरा लातुरात आहे. नांदेडच्या पोरांना तूर्त मोबाइलवरच भागवावे लागेल.